मुलांना जलतरण संघात घालताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘पोहणे आणि आरोग्य’ या विषयावर बोलण्यास सुचविले होते. परंतु आरोग्यावर बोलण्यास आपल्या डॉक्टरीणबाई समोरच बसल्या आहेत. मी गेली पाच वर्षे नातीला पहाटे तलावावर नेते आणि ती बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा मुलाला अगर मुलीला पोहण्याच्या संघात घातले म्हणजे घरच्यांना काय काय पत्करावे लागते, तेवढेच सांगते.

पोहता येणे निराळे आणि संघात पोहणे निराळे. पोहता तर प्रत्येकच मुलाला आले पाहिजे. आमच्या लहानपणी गंगाकाठच्या गावी पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याची सांगड बांधून विहिरीत सोडून देत. आठपंधरा दिवसांत पोर हातपाय मारू लागे. मुलींच्या वाट्याला हे शिक्षण क्वचितच येई. मला मिळाले ते चार भावांमागे लागून मीही गेले म्हणून. आता भोपळे गेले, विहिरीवर पोरे दिसत नाहीत. पाण्याचा धोका मात्र आहे तेथेच आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि आपल्या शिवारांत शेततळी वाढली. त्यांना आतून प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो ओला होऊन शेवाळला की उतारावर पाय ठरत नाही; पोहता येणारा मोठा माणूसही काठापर्यंत येतो आणि वर मात्र चढू शकत नाही. ज्यांचे शेततळे असेल त्यांनी कुंपण तर घालावेच, पण गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून आत सोडून ठेवावा आणि हवा भरलेली जुनी ट्यूब काठाशी ठेवावी. विषय सोडून बोलते आहे खरी. पण जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा असतो, हे ऐकल्यावर गप्प बसवत नाही.

आता संघाचे. संघात गेलेले मूल आठवड्यातून पाचसहा दिवस पाण्यात असते. आमच्या घरी पावणेपाचला दिवा लागतो. म्हणजे रात्री नऊला निजानीज झाली पाहिजे, आणि त्याकरिता घरातला दूरदर्शनसंच आजोबांनाही बंद करावा लागतो. एकट्या मुलाने संघात जाता येत नाही, सारे घर जाते. ज्या घरी आईला सकाळी डबे करून नोकरीवर जावयाचे आहे, तेथे पोहोचविण्याचे काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावे. ते आधी ठरले नाही तर दोन महिन्यांत चिडचिड होते आणि खापर फुटते ते मुलावर.

खर्चाविषयी सगळ्याजणी विचारतात. सुरुवातीस पोशाख, टोपी, डोळ्यांचा चष्मा आणि तलावाची फी एवढेच लागते. किमती पोशाखाच्या नादी लागू नये. मूल सहा महिन्यांत वाढते. खरा खर्च स्पर्धांचा, प्रवास आणि मुक्काम यांचा. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. जन्माच्या दाखल्याच्या प्रती काढून एका पिशवीत ठेवाव्या.

खाण्याकरिता मी नातीला जाताना एक केळे देते आणि बाहेर आल्यावर शेंगदाण्याची चिक्की व दूध. डब्यातली भाकरी ती वाटेतच संपविते. पाण्यात असले तरी घाम येतोच, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर हवे. केस आधी साध्या पाण्याने भिजवून मग टोपी घातली की औषधाचे पाणी केसांत कमी मुरते. तेल लावून मात्र तलावात पाठवू नका. इतरांनाही त्याच पाण्यात पोहावयाचे असते.

पाण्यावरून आठवले. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात हा खेळ शोभतो का, असे मला पुष्कळांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात ४ लाख ६८ हजार लिटरांहून अधिक पाणी मावते. दहा हजारी टँकर धरले तर सत्तेचाळीस टँकर. परंतु हे पाणी रोज फेकीत नाहीत. तेच गाळून, औषध घालून फिरविले जाते, आणि उन्हाने उडालेले तेवढे भरावे लागते. ज्या वर्षी माणसांनाच पाणी नसेल, त्या वर्षी तलाव बंद राहावा हेच योग्य. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. असे वर्ष आले तर मुलांनी जमिनीवरचा व्यायाम करावा आणि कुरकुर करू नये, असे माझे मत आहे. नातीला ते मान्य नाही.

स्पर्धेचा दिवस मोठा चमत्कारिक असतो. सातला हजर राहावयाचे, साडेअकराला नाव पुकारले जाते आणि सारा खेळ चाळीस सेकंदांत आटोपतो! शिट्टी होण्याआधीच काही आयांचा आवाज बसलेला असतो. एकदा आमची मुलगी छातीवरच्या पोहण्यात दुसरी आली आणि तिला बाद केले. त्या प्रकारात वळताना आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. हिचा एक हात आधी लागला होता. शेजारच्या एक बाई मला म्हणाल्या, “जा, पंचांशी भांडा.” मी गेले नाही. मुलगी रडली, तिने दोन पुऱ्या खाल्ल्या आणि दुपारच्या चौघींच्या शर्यतीत पोहली.

बारातेरा वर्षांच्या मुलींची वेळ कित्येकदा वर्षभर सुधारत नाही, कारण अंग वाढत असते. नेमक्या याच वयात घरचे म्हणतात, आता पुरे. पोशाखाचे कारण पुढे करतात. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख स्पर्धेच्या नियमांत बसतो, हे ठाऊक असू द्या. मासिक अडचणीचे चार दिवस काय करावयाचे ते मुलीने आणि आईने ठरवावे. त्यासाठी खेळ सोडण्याचे कारण नाही. आरती साहा १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेली तेव्हा ती १९ वर्षांची होती; ऑगस्टमधला पहिला प्रयत्न फसला होता, सप्टेंबरात ती पार झाली. आणि अमरावतीची कांचनमाला पांडे, दृष्टी नसताना, २०१७ साली मेक्सिकोत दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आली.

तरीही पोहून पुढे काय, हे विचारतातच. कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी, २००८ साली, बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० साली ग्वांगझौच्या आशियाई खेळांत त्याला ब्राँझपदक मिळाले. १९८६ साली खजानसिंगांनी रौप्य मिळविल्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला मिळालेले ते पोहण्यातले पदक. पुढे तो आपल्या राज्यात तहसीलदार झाला. पण असा एखादाच. पदकाच्या हिशेबाने मुलाला पाण्यात घालणार असाल तर घालू नका.

आता जरा स्पष्ट बोलते. संघात नाव घालण्यापूर्वी दोन सकाळी नुसते जाऊन बसा. काठावर जीवरक्षक उभा आहे का, की मोबाईल पाहतो आहे? पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो का? मुलींची कपडे बदलण्याची खोली आतून बंद होते का? मास्तर ओरडतात ते शिकविण्याकरिता की अपमान करण्याकरिता? पालकांनी काठावर बसू नये असे जेथे सांगतात, तेथून मूल काढून घ्यावे. मुली परगावी जाणार असतील तर बरोबर एक जबाबदार बाई असलीच पाहिजे. नसेल तर मी पाठवीत नाही, मग स्पर्धा राज्याची का असेना. यात मास्तरांवर अविश्वास नाही. चांगले मास्तर स्वतःच ही अट घालतात.

शेवटी, तुमच्यापैकी काहीजणींनी मघाशी हळूच विचारले की आमच्या वयाला शिकता येईल का. येईल. बायकांसाठी दुपारचा एक वेगळा तास आणि शिकविणारी बाई मिळावी असा अर्ज मी लिहून आणला आहे. तो हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवला आहे. सात सह्या झाल्या आहेत. पेन चालत नसेल तर माझ्याकडे दुसरे आहे.