चार भिंतींतील रहस्य

रहस्यकथा वाचणाऱ्यास पूर्वी एक मोठी सोय होती. कथेतील खून कितीही भयंकर असला, तरी पुस्तक मिटले की दिवा मालवून स्वस्थ झोपता येई. खलपुरुष बहुधा बाहेरचा असे आणि त्याचा समाचार घ्यावयास कोणीतरी समर्थ असे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारावर भरवसा टाकून मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या अशा सुखाने झोपल्या. अलीकडे लोकप्रिय झालेल्या इंग्रजी मानसशास्त्रीय रहस्यकादंबरीने ही सोय हिरावून घेतली आहे. तिच्यातील संशयित शेजारच्याच उशीवर निजलेला असतो.

गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेची ‘गॉन गर्ल’ २०१२ साली निघाली. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी नावाची स्त्री घरातून नाहीशी होते. एक प्रकरण तिचा पती निक सांगतो, तर दुसरे तिच्या रोजनिशीतून उलगडते. निक बोलता बोलता काही लपवतो, हे वाचकास जाणवते; रोजनिशीवर मात्र तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि कादंबरीच्या मध्यावर समजते की ती रोजनिशी इतरांनी वाचावी म्हणूनच रचलेली होती! (हे आधी सांगितल्याने कोणाचा रसभंग झाला असेल. परंतु कलाटणी कळताच जे पुस्तक निःसत्त्व होते, ते मुळातच वाचण्याजोगे नसते. हे तसे नाही.) लग्नापूर्वी एकमेकांस आवडावे म्हणून वठविलेल्या भूमिका पुढे दोघांनाही कशा असह्य होतात, याचे तीतील चित्रण गुन्ह्याहून अधिक अस्वस्थ करते.

पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मध्ये (२०१५) खून आहे, पण खरी भीती निराळ्याच ठिकाणी आहे. नायिका रेचेल मद्याच्या आहारी गेलेली. आदल्या रात्रीचे तिला काही आठवत नाही. तू काय काय केलेस, हे पती सांगे आणि ती शरमेने मान खाली घाली. आपल्याच स्मृतीचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाणे, याहून भयंकर चोरी कोणती? पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकातील पतीही पत्नीला वेडी ठरवू पाहतो. त्या नाटकाच्या नावावरून इंग्रजीस एक क्रियापदच मिळाले. इतका हा अनुभव पुष्कळांच्या ओळखीचा निघाला.

या यशानंतर शीर्षकात ‘गर्ल’ असलेल्या कादंबऱ्यांची रीघ लागली. त्यांपैकी बऱ्याच शेवटच्या प्रकरणातील धक्क्यासाठीच लिहिलेल्या वाटतात. त्यांविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही.

घरातील गुपितांचाच शोध कौटुंबिक कादंबरीही घेते. फक्त तिला पकडून देण्यासाठी गुन्हेगार सापडत नाही. सेलेस्ट इंग यांची ‘एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू’ (२०१४) या दृष्टीने लक्षणीय आहे. लीडिया ही मुलगी मरण पावली आहे आणि घरच्यांना ते अद्याप ठाऊक नाही, हे लेखिका आरंभीच सांगून टाकते. काळ १९७७ चा, स्थळ ओहायोतील एक लहान गाव. वडील चिनी वंशाचे, जन्मभर परके ठरलेले. लेकीला खूप मैत्रिणी असाव्यात, ही त्यांची आस. आईला डॉक्टर व्हावयाचे होते, ते संसारात राहून गेले. तेव्हा लेकीने व्हावे. एकदा शिक्षण पुरे करण्यासाठी आई कोणास न सांगता घर सोडून गेली होती. ती परत आली तर तिचा शब्द कधी मोडणार नाही, असा निश्चय त्या चिमुरडीने मनाशी केला, आणि तो पाळला. नावडत्या विषयांना ती होकार देत राहिली. वडिलांसाठी टेलिफोन कानाशी धरून, पलीकडे कोणी नसताना, मैत्रिणींशी गप्पा मारण्याचे सोंग तिने केले. येथे कोणी दुष्ट नाही. जो तो प्रेमानेच वागतो, आणि म्हणूनच ‘गॉन गर्ल’पेक्षा ही कादंबरी वाचणे कठीण जाते.

रोजनिशी या कादंबरीतही आहे. आई वर्षानुवर्षे लीडियाला कुलपाची रोजनिशी भेट देत असे. मुलगी गेल्यावर, तिच्या मनात काय होते ते कळावे म्हणून, ती त्या वह्या एकामागून एक उघडते. सगळी पाने कोरी असतात.