बेरीज भरली, पदवी राहिली



बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या अमेरिकेत शिकले, तेथली ही गोष्ट. शाळेत गुण कमी पडलेला फुटबॉलपटू तेथे दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयात जातो. यांत गरीब कृष्णवर्णीय मुले पुष्कळ. २०१६ साली अव्वल विद्यापीठाकडून खेळायचे तर अशा मुलाला पदविका, ४८ श्रेयांक आणि ४ पैकी २.५ सरासरी लागे. त्यांत इंग्रजीचे ६, गणिताचे ३, विज्ञानाचे ३ श्रेयांक हवेत; मैदानी तासांचे दोनच धरत. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के अभ्यासही झालेला हवा. सोप्या विषयांनी बेरीज भरे, पण पदवीला ते चालत नसत.

आम्हांस वाटते, नियम कडक असोत. पण ते पहिल्याच दिवशी मुलाला कोणीतरी समजावले पाहिजेत. आपल्या वस्तीत ते काम आपले आहे.

जय भीम!