हस्तसंकेत आणि शेवटचा सोबती

मालाडच्या पश्चिमेस मार्वे येथे फेरीबोटीत बसून खाडी ओलांडली, की थोड्याच वेळात मनोरीचा धक्का लागतो. सुटीच्या दिवशी ह्या बोटीत कोळणींच्या पाट्यांशेजारी सायकली आणि मोटारसायकलीही उभ्या केलेल्या दिसतात. शहराच्या गजबजाटास कंटाळलेल्या तरुणांचे जथे येथून गोराई, उत्तन आणि पुढे भाईंदरकडे जातात. रस्ता अरुंद, वळणे पुष्कळ, आणि दोन्ही बाजूंस वस्ती, माडांची झाडे, मधूनच एखादा क्रूस. डोक्यावर शिरस्त्राण, खाली यंत्राचा आवाज आणि कानांवर वारा अशा स्थितीत पुढच्याची हाक मागच्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे हातालाच बोलावे लागते. ह्या हाताने काय बोलावे, कोणासाठी बोलावे आणि केव्हा मुळीच बोलू नये, ह्याचा विचार प्रत्येक स्वाराने प्रवासाला निघण्यापूर्वी करणे इष्ट आहे.

आपल्या देशात हाताच्या खुणांना कायद्याचे अधिष्ठान लाभलेले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ मध्ये जी रस्त्यासंबंधीची नियमावली झाली, तीत ह्या खुणा शब्दशः वर्णिलेल्या होत्या. वेग कमी करावयाचा असल्यास उजवा हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे ठेवून तो खालीवर हलवावा. थांबावयाचे असल्यास उजवा हात कोपरापासून वर उभा धरावा. उजवीकडे वळताना हात आडवा पसरावा, आणि डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. २०१७ मध्ये ह्या नियमावलीची जागा नव्या विनियमांनी घेतली. परंतु कित्येकांनी वाहन चालविण्याचे पहिले धडे घेतले ते ह्याच खुणांवरून.

मात्र एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्या खुणा मुळात उजव्या बाजूस चक्र असलेल्या मोटारीच्या चालकास सोयीच्या आहेत. मोटारसायकलस्वाराच्या उजव्या मुठीत वेगाचे नियमन असते, आणि पुढच्या चाकाचा ब्रेकही त्याच हाताशी असतो. तो हात सोडणे म्हणजे थांबण्याच्या साधनांपैकी एक मोठे साधन सोडणे होय. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. तेवढ्या अवकाशात वळणाआडून एखादे मूल किंवा कुत्रे सहज समोर येऊ शकते. म्हणून खूण करावयाची ती वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर करावी. आणि वळण सुरू होताच दोन्ही हात मुठींवर असावेत. विजेचे दिवे चालू असताना हात दाखविण्याचा हट्ट धरू नये. खूण सुरक्षिततेसाठी आहे. सुरक्षितता खुणेसाठी नाही.

ह्याच अडचणीतून निराळा मार्ग काढलेले प्रवासी पाहावयाचे असल्यास दृष्टी कॅनडाच्या हिमप्रदेशाकडे वळवावी लागते. तेथे १९५९ मध्ये बॉम्बार्डिए ह्या संशोधकाने एक लहान, हलकी बर्फगाडी बाजारात आणली, आणि पुढे रानावनांतून अशा गाड्यांच्या वाटा पडल्या. ह्या गाडीचा वेग उजव्या अंगठ्याने राखावा लागतो. म्हणून तेथील सर्व खुणा डाव्या हाताच्या आहेत. थांबणे आणि वळणे ह्यांच्या खुणा तर तेथे आहेतच. पण त्यांच्या जोडीला तीन खुणा अशा आहेत, की ज्या आपल्या १९८९ च्या यादीत आढळत नाहीत. समोरून गाड्या येत आहेत, हे मागच्यास सांगणारी पहिली. माझ्यामागे आणखी गाड्या आहेत, हे समोरच्यास सांगणारी दुसरी. आणि मूठ आवळून, हात वर धरून ‘मीच शेवटचा’ असे सांगणारी तिसरी. वाट एकच, दोन्हीकडून येणारे स्वार, आणि झाडांमुळे पुढचे काही दिसत नाही. तेव्हा आता वाट खरोखरीच मोकळी झाली काय, हाच तेथे जीवनमरणाचा प्रश्न असतो.

मनोरीच्या रस्त्यावर बर्फ नाही. परंतु प्रश्न तोच आहे. वळणावर समोरून टेम्पो येतो. चालक सभ्यपणाने बाजूस थांबतो, चार सायकली जाऊ देतो, आणि जथा संपला असे समजून पुढे निघतो. नेमका त्याच वेळी मागे पडलेला पाचवा सायकलस्वार वळणातून बाहेर येतो. येथे चूक कोणाची? चालकाने वाट दिली होती, आणि पाचव्याने वेगही वाढविला नव्हता. उणीव होती ती एवढीच, की ‘अजून एक आहे’ हे त्या चालकास कोणी कळविले नाही. आणि पहिल्या चौघांपैकी एखाद्याने बर्फावरील खूण केली असती, तरी ती चालकास समजली असती असे नाही. समोरच्यास न कळणारी खूण ही खूणच नव्हे. जथ्यातील माणसे आपसांत संकेत ठरवू शकतात; रस्त्यावरील परक्या माणसाशी त्यांनी काहीही ठरविलेले नसते.

तेव्हा जेथे खूण अपुरी पडते, तेथे शिस्तीने ते काम करावे. पुढे जाणाऱ्याने आपला वेग सर्वांत मंद सोबत्याच्या बेताने ठेवावा. सर्वांच्या मागे एक अनुभवी स्वार नेमावा. त्याने कोणालाही आपल्यामागे राहू देऊ नये. निघताना व पोहोचल्यावर मोजदाद करावी. प्रत्येकाने आपल्या मागच्यास आरशात पाहावे किंवा मान वळवून त्याची खात्री करून घ्यावी. फाटा आला असता मागचा दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबावे. दोन वाहनांत निदान दोन सेकंदांचे अंतर असावे. ताशी ४० किलोमीटर वेगाला हे अंतर सुमारे २२ मीटर भरते. जथा मोठा असल्यास त्याच्या लहान तुकड्या कराव्यात, म्हणजे समोरच्यास फार वेळ खोळंबावे लागत नाही. आणि मागच्याने ‘चला पुढे’ असा पुढच्याचा हात पाहून डोळे मिटून ओलांडू नये. तो हात केवळ अनुमती देतो. रस्ता मोकळा असल्याची हमी देत नाही.

ह्या बाबतीत मनोरीची खाडीही काही शिकविते. रस्त्यावर डावीकडून जाणारा मनुष्य बोटीत बसला, की निराळ्या नियमांच्या राज्यात शिरतो. कारण नौकानयनाच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अरुंद जलमार्गात उजवी बाजू धरावयाची असते. डावे चांगले किंवा उजवे चांगले असे काही नाही. सर्वांनी एकच मानले आहे, ह्यातच त्याचे सामर्थ्य आहे. त्या नियमांत भोंग्याचा एक आखूड आवाज म्हणजे नौका उजवीकडे वळत आहे, आणि दोन म्हणजे डावीकडे. परंतु सर्वांत विचार करण्याजोगा संकेत तिसराच आहे. दुसऱ्या नौकेचा हेतू समजत नसेल, तर निदान पाच आखूड आवाज लागोपाठ करावयाचे असतात. ‘तुमचे काय चालले आहे ते कळत नाही’ हे सांगण्याची सोय समुद्राने करून ठेवली आहे. रस्त्यावर तशी खूण नाही. तेथे तिच्या जागी एकच उपाय आहे, तो म्हणजे वेग कमी करणे. समोरच्याचा हात कळला नाही, तर तो कळेपर्यंत हळू व्हावे. त्यात कमीपणा नाही.

शेवटी, हा रस्ता सहलीसाठी आलेल्यांचा नव्हे, तर प्रथम तेथे राहणाऱ्यांचा आहे. बांबूच्या वलांडीवर बोंबील घालणारी बाई, प्रार्थनेहून परतणारे वृद्ध, शाळेतून येणारी मुले ह्यांना जथ्याची सांकेतिक भाषा येत नाही, आणि त्यांनी ती शिकावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. त्यांच्यासाठी सर्वांना समजणाऱ्या खुणा दोनच: वस्ती येताच वेग आवरणे, आणि पायी चालणाऱ्यास आधी जाऊ देणे. ज्या जथ्याचा पहिला स्वार एवढे करतो, त्याचा शेवटचा सोबतीही सुखरूप घरी पोहोचण्याची शक्यता अधिक असते.