सरकती खिडकी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मिडलंड नावाचं छोटं शहर आहे. डाऊ केमिकल या कंपनीचं गाव. तिथेच ‘मॅकिनॉ सेंटर’ ही १९८७ साली सुरू झालेली संस्था आहे. सरकारने लोकांच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा, हा तिचा आग्रह. आणि लक्ष्य वॉशिंग्टन नव्हे, आपल्या राज्याचे कायदे.

तिथले एक उपाध्यक्ष जोसेफ ओव्हरटन. अशी संस्था नेमकं करते काय, हे देणगीदारांना सांगायला त्यांनी पुठ्ठ्याची सरकती खिडकी असलेलं पत्रक केलं. खिडकीत दिसतात तेवढ्याच कल्पना पुढारी उचलतो. बाहेरची उचलली तर निवडून येणार नाही. तेव्हा पुढाऱ्याच्या मागे न लागता खिडकीच सरकवा! ओव्हरटन २००३ मध्ये विमान अपघातात गेले. खिडकीला त्यांचं नाव मिळालं ते त्यानंतर.

मोटार कामगारांच्या युनियनचा दबदबा असलेल्या या राज्यात, युनियनची वर्गणी सक्तीची नको, असं संस्था वर्षानुवर्षं मांडत राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये तसा कायदा झाला.

इथे मी अडखळतो. नको असलेल्या संघटनेसाठी पगारातून पैसे कापणं ही जबरदस्तीच. पण तिथल्या कायद्याप्रमाणे युनियनला सगळ्यांच्याच वतीने भांडावं लागतं. मग वर्गणी न देणाऱ्यालाही पगारवाढ मिळते, ती कुणाच्या जिवावर?

२०२३ मध्ये सत्ता बदलल्यावर मिशिगनने तो कायदा रद्द केला. फेब्रुवारी २०२४ पासून खासगी कारखान्यांत पुन्हा सक्तीचा करार करता येऊ लागला. सरकारी नोकर मात्र सुटले, कारण त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल होता.