बिऱ्हाड हलवितांना

पुण्याहून नागपुरास बदली झालेला गृहस्थ मुलांच्या शाळेची चौकशी महिनाभर करतो. घरांतलें सामान मात्र दूरध्वनीवर जो सर्वांत कमी भाडें सांगेल त्याच्या हवालीं करतो. येथेंच चुकतें. घर न पाहतां, कपाटें न मोजतां सांगितलेला आंकडा गाडी भरल्यावर हटकून वाढतो. आणि तोंवर आजीचें शिवणयंत्र परक्याच्या गाडींत अडकलेलें असतें! घर पाहून लेखी भाडें देणाराच बरा, मग तें थोडें अधिक कां असेना.

रस्त्यावरील मालवाहतुकीचा सन २००७ चा कायदा आहे. त्याअन्वयें अशा वाहतूकदारास नोंदणी घ्यावी लागते. तिचा क्रमांक विचारण्यांत संकोच कसला? सामान हरवलें वा फुटलें, तर भरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटीपलीकडे जात नाहीं, आणि लिहून दिलेल्या किंमतीहूनही अधिक मिळत नाहीं. म्हणून प्रत्येक जिन्नस किंमतीसह यादींत यावा. दहापटीनें भागणार नसेल, तर तसें आगाऊ लिहून जादा आकार भरावा. दाव्यापूर्वींची लेखी नोटीसही सामान सोंपविल्यापासून १८० दिवसांचे आंत जावी लागते. बिल्टी जपून ठेवावी ती याचसाठीं. दागिने व दस्तऐवज गाडींत घालूंच नयेत.

सामान उतरल्यावर यादीशीं ताळा पाहावा. मोडतोड दिसल्यास ती पावतीवर नोंदवून मगच सही करावी. हमाल घाई करतात खरे. त्यांना चहा द्यावा. तेवढ्यांत खोकीं उघडून पाहतां येतात.