वितळवण्याचा खर्च आणि वाट पाहण्याचा खर्च



भर उन्हाळ्यात, पंख्याखाली बसून फुटपाथ तापवण्यावर व्याख्यान ऐकायला तुम्ही आलात, तुमच्या उत्साहाला दाद द्यायला हवी. आइसलँडमधल्या रेक्याविकमध्ये मात्र हा थट्टेचा विषय नाही. तिथे घरं उबदार ठेवायला भूगर्भातलं गरम पाणी नळानं घरोघरी जातं. रेडिएटरमधून फिरून बाहेर पडतानाही ते साधारण ३५ अंश सेल्सिअस असतं. ते फुकट घालवण्यापेक्षा हिम वितळवायला फुटपाथखाली, वाहनतळाखाली पुरलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांतून खेळवतात. आइसलँडमध्ये अशी व्यवस्था आखताना चौरस मीटरला सुमारे १८० वॉट धरतात आणि वर्षाचा सरासरी खप ४३० किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या बिलातले ४३० युनिट.

आता जरा हिशेब करू. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. शाळेत पाठ केलेला अप्रकट उष्मा तो हाच. ताज्या, भुसभुशीत हिमाचा दहा सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अंदाजे दहा किलो. त्याला एक युनिटही लागत नाही. मग ४३० युनिटांत किती बर्फ वितळावा? साडेचार हजार किलोंहून जास्त! त्याचं पाणी साचवलं तर साडेचार मीटरच्या वर जाईल. रेक्याविकला पाऊस आणि हिम मिळून वर्षाला एक मीटरही पडत नाही.

म्हणजे बर्फावर खर्च होते ती उष्णता फार थोडी. बाकीची वारा नेतो, निरभ्र रात्री आकाश ओढून घेतं, काही खाली जमिनीत झिरपते, काही ओल्या पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनात जाते. आणि हे बर्फ पडत नसतानाही चालू राहतं, कारण काँक्रीट सावकाश तापतं. हिम दिसल्यावर बटण दाबलं, तर स्लॅब तापेपर्यंत लोक घसरून पडलेले असतात. म्हणून तो आधीपासून कोमट ठेवायचा. खरं बिल येतं ते या वाट पाहण्याचं.

चॅपमन यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं समीकरण अभियंते अजून वापरतात. एका क्षणी किती वॉट हवेत ते त्यातून निघतं. त्यावरून एका फुटपाथची यंत्रणा केवढी घ्यायची ते ठरतं, वर्षाचा खप नाही. त्यासाठी तासातासाचं हवामान घेऊन अख्खा हिवाळा संगणकावर घडवावा लागतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात रीस, स्पिटलर आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये तसं प्रतिमान मांडलं. स्लॅबच्या छेदावर जाळी आखायची आणि प्रत्येक बिंदूला विचारायचं, तू आत्ता कोरडा आहेस, ओला, हिमाखाली, की रेंद्याखाली? नळीच्या बरोबर वरचा पट्टा आधी उघडा पडतो, दोन नळ्यांमध्ये पांढरी वरवंड उरते, वितळलेलं पाणी वरच्या हिमात शोषलं जाऊन त्याचा चिखल होतो. हे सगळं हिशेबात घ्यावं लागतं, कारण हिमाचा थर स्वतःच पांघरूण असतो. त्याच्याखाली वारा लागत नाही. फुटपाथ जितका लख्ख उघडा हवा, तितकी उष्णता जास्त जाते. किती लख्ख हवा, हे मात्र कोणतंही प्रतिमान सांगत नाही. ते नगरपालिकेनंच ठरवायचं. माझं मत विचाराल तर रुग्णालयाच्या दाराशी कण नको, बागेतल्या वाटेवर फावडं पुरे.

वाट पाहण्याचं बिल उष्णता कुठून येते यावरही ठरतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं गाव आहे. तिथे १९८८पासून वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर रस्ते मोकळे ठेवतात. अशा ठिकाणी वाट पाहणं जवळजवळ फुकट. आइसलँडमध्येही निम्म्याहून जास्त उष्णता वापरलेल्या पाण्यातूनच येते. पण वारा सुटलेल्या गोठत्या रात्री ते पाणी पुरत नाही, त्यात ८० अंशांचं ताजं पाणी मिसळावं लागतं. नेमक्या त्याच तासांत घरांचे रेडिएटरही पूर्ण उघडलेले असतात. ४३० या वार्षिक आकड्यात ते तास दिसत नाहीत. तासातासाच्या हिशेबात दिसतात, आणि गावाच्या गरम पाण्याच्या विहिरी व पंप किती क्षमतेचे हवेत ते त्यांच्यावरूनच ठरवावं लागतं.