टिपणी, नस्ती आणि सोर्स कोड : शासकीय संकेतस्थळांचे अर्थकारण

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



केंद्रीय सचिवालयातील कोणतीही नस्ती उघडून पाहिली तर तिचे दोन भाग आढळतात. एका भागात पत्रव्यवहार असतो, दुसऱ्या भागात टिपण्या असतात. कनिष्ठ अधिकाऱ्याने सादर केलेली टिपणी वरिष्ठाला पटली नाही, तरी ती बदलून आणण्यास त्याने सांगू नये. आपले वेगळे मत स्वतंत्र टिपणीत नोंदवावे, अशी कार्यालयीन कार्यपद्धतीची अपेक्षा आहे. त्यामुळे निर्णय काय झाला एवढेच नव्हे, तर तो कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणास्तव घेतला, हे पुढे अनेक वर्षांनीही समजू शकते.

आज शासनाचा मोठा व्यवहार संकेतस्थळांवरून चालतो. राष्ट्रीय ई-शासन योजनेला २००६ साली मंजुरी मिळाली तेव्हा तीत २७ मिशन मोड प्रकल्प होते. २०१५ मध्ये डिजिटल इंडिया कार्यक्रमाने हा विस्तार आणखी वाढविला. शिष्यवृत्तीचा नियम पूर्वी परिपत्रकात असे. परिपत्रक आजही निघते. परंतु अर्जदाराला तो नियम लागू होतो तो संगणक-आज्ञावलीच्या मूळ मजकुरातून, म्हणजेच सोर्स कोडमधून. उत्पन्नमर्यादा वाढविल्याचा आदेश निघाला आणि कोडमधील आकडा तसाच राहिला, तर अर्जदाराच्या दृष्टीने जुनाच नियम चालू असतो. तो आकडा कोणी, केव्हा, कोणाच्या आदेशावरून बदलला किंवा बदलला नाही, याची टिपणी कोठे असते? संकेतस्थळ तयार करणाऱ्या चमूने आवृत्ती नियंत्रणाची शिस्त पाळली असेल तर ती असते. पाळली नसेल तर कोठेही नसते.

आवृत्ती नियंत्रण म्हणजे काय?

एकाच कोडवर अनेकजण काम करीत असताना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, जुनी स्थिती परत आणण्याची सोय देणारी आणि वेगवेगळ्या व्यक्तींचे बदल एकत्र जुळविणारी व्यवस्था म्हणजे आवृत्ती नियंत्रण. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये अशी पहिली प्रणाली तयार केली. १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आणि त्यानंतर सीव्हीएस या प्रणाली आल्या. आज सर्वाधिक प्रचलित असलेली ‘गिट’ ही प्रणाली २००५ मधील आहे आणि तिच्या जन्माची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

लिनक्स या मुक्त प्रणालीचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या खासगी मालकीच्या साधनावर चालत असे. मालक कंपनीने ते विनामूल्य वापरू दिले होते. २००५ मध्ये वाद निर्माण झाला आणि ही सवलत काढून घेण्यात आली. जगभर विखुरलेल्या शेकडो विकासकांचे काम ज्या साधनावर उभे होते, ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असल्याचे त्या दिवशी स्पष्ट झाले. लिनस टोर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांतच गिटचा पहिला आराखडा उभा केला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी गिटची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे सोपविली. एका व्यक्तीने लिहिलेले साधन तीन-चार महिन्यांत दुसऱ्याच्या हाती गेले आणि काम थांबले नाही, ही गोष्ट साधनाच्या जन्माइतकीच महत्त्वाची आहे. तिचा संदर्भ पुढे येईल.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. त्यात बदल करणाऱ्याचे नाव, दिनांक, वेळ आणि बदलाचे कारण सांगणारा संदेश असतो. कमिटची ओळख पटविणारा क्रमांक त्यातील मजकुरावरून आणि त्याच्या आधीच्या कमिटच्या क्रमांकावरून गणिताने काढला जातो. मागील एखादी नोंद कोणी बदललीच, तर तिच्या पुढील सर्व नोंदींचे क्रमांक बदलतात आणि ज्यांच्याजवळ मूळ प्रत आहे त्यांना ते लगेच कळते. शिवाय प्रत्येक विकासकाजवळ सामान्यतः संपूर्ण इतिहासासह प्रत असते. नस्तीच्या टिपणीभागाला यांपैकी कोणतीच सोय नव्हती. नस्ती एकच असे आणि ती गहाळही होत असे. अर्थात ‘किरकोळ दुरुस्ती’ असा संदेश दोनशे वेळा लिहून ठेवणारा चमू आणि कोरी टिपणी सादर करणारा लिपिक यांत फारसा फरक नाही.

समन्वयाचा खर्च

रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की व्यवहार पार पाडण्यालाही खर्च येतो आणि संस्थांचा आकार त्यावर ठरतो. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हेच फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये वेगळ्या शब्दांत मांडले. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे नेमल्यास तो अधिकच लांबतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण साधे आहे. पाच जणांच्या चमूत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या १० होतात. पन्नास जणांच्या चमूत त्या १,२२५ होतात. माणसे दहापट झाली, जोड्या शंभरपटीहून अधिक झाल्या.

कोडिंगची मानके हा खर्च कमी करतात. चलांना नावे कशी द्यावीत, ओळी किती आत सरकवाव्यात, त्रुटी कशी हाताळावी, दिनांक कोणत्या स्वरूपात साठवावा, हे एकदा ठरले की प्रत्येक जोडीला ते नव्याने बोलून ठरवावे लागत नाही. पायथन भाषेसाठी असे लेखी मानक २००१ पासून आहे. पीएचपी भाषेसाठी अशी मानके २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. यांतील काही नियम निव्वळ सोयीचे असतात. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवावे या नियमाप्रमाणेच त्यांत कोणती बाजू निवडली यापेक्षा सर्वांनी एकच निवडली याला महत्त्व असते.

परंतु काही नियम केवळ सोयीचे नसतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या प्रणालींतील एक दोष उघडकीस आला. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पडताळणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ दिसावयास अटीच्या आत होती. प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती आणि नेहमीच अंमलात येत होती. परिणामी स्वाक्षरीची अंतिम तपासणी वगळली जात असे. अट एका ओळीची असली तरी ती महिरपी कंसातच लिहावी, असा नियम अनेक कोडिंग मानकांत असतो. नवख्या विकासकाला तो जाचक वाटतो. तो पाळला असता तर ही जादा ओळ बहुधा निरुपद्रवी ठरली असती किंवा दुसऱ्या वाचकाच्या नजरेस सहज आली असती.

भारतीय भाषांचा प्रश्न

भारतात या विषयाला आणखी एक पदर आहे, आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांतील बरीच संकेतस्थळे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. शोध घेणे आणि दोन आवृत्त्यांची तुलना करणे दुरापास्तच होते. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली होती, तथापि फॉन्टची बाजारपेठ त्या शिस्तीत आली नाही. ई-शासनासाठी युनिकोडचे मानक केंद्र सरकारने २००९ मध्ये निश्चित केले.

तेवढ्याने प्रश्न संपला असे नाही. मराठीतील ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. त्यासाठी स्वतंत्र संकेत असलेले ‘ऱ’ हे अक्षर वापरता येते, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्हही वापरता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. शाळेच्या नोंदीत एक रूप आणि बँकेच्या नोंदीत दुसरे असेल, तर ‘नाव जुळत नाही’ असा शेरा येतो आणि विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडकते. तिने कितीही वेळा अर्ज तपासला तरी तिला चूक सापडणार नाही, कारण ती दिसतच नाही. नाव साठविण्यापूर्वी एकाच ठरावीक रूपात आणावे, अशी एक ओळ चमूच्या कोडिंग मानकात असणे हाच येथे उपाय आहे. ती ओळ लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. ती नसल्यास लाखो नोंदी नंतर दुरुस्त कराव्या लागतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा पुढे ढकललेल्या कामाला कर्जाची उपमा दिली होती. मात्र येथे कर्ज काढणारा कंत्राटदार असतो आणि व्याज नागरिक भरतो.

मालकी कोणाची?

संकेतस्थळाचे कंत्राट संपले की शासनाजवळ काय उरते, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न होय. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक-आज्ञावली ही साहित्यकृतीत गणली जाते. शासनाच्या निदेशानुसार किंवा नियंत्रणाखाली निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसेल तर, शासन असते. येथे ‘विरुद्ध करार नसेल तर’ हे शब्द कळीचे आहेत. निविदा लिहिताना ते निसटले की वाद सुरू होतो.

तथापि कायदेशीर मालकी आणि उपयोगी ताबा या भिन्न गोष्टी आहेत. कंत्राटाच्या अखेरीस कोडची शेवटची स्थिती एका तबकडीवर देण्यात आली, तर मालकी हस्तांतरित झाली असे म्हणता येईल. पण एखादी अट का घातली, कोणती दुरुस्ती कोणत्या तक्रारीवरून झाली, कोणता प्रयोग फसला म्हणून मागे घेतला, हे सर्व त्या तबकडीत नसते. ते जुन्या चमूच्या डोक्यात असते. पुढील निविदेत नवा बोलीदार ही अनिश्चितता किमतीत धरतो, जुना बोलीदार धरत नाही. साहजिकच जुन्याचीच बोली कमी ठरते. कागदोपत्री स्पर्धा होते, प्रत्यक्षात मक्तेदारी टिकून राहते. अर्थशास्त्र ज्याला माहितीची असममितता म्हणते, तिचे याहून शुद्ध उदाहरण क्वचितच मिळेल. २००५ मध्ये लिनक्सच्या विकासकांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तोच येथे लहान प्रमाणावर दर कंत्राटाच्या शेवटी उभा राहतो.

धोरणाच्या पातळीवर याची जाणीव झालेली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा अंगीकार करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी शासकीय आज्ञावलींचा सोर्स कोड खुला करून सहकार्याने विकास करण्याचेही धोरण आले आणि २०१७ मध्ये त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हे सामाईक व्यासपीठ सुरू झाले. २०१७ मधील ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ ‘सनबर्ड’ या मुक्त स्रोत पायावर उभे आहे. मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतु’च्या प्रथम अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला करण्यात आला. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केली, २००९ मध्ये ती स्वीकारण्यात आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली.

मात्र कोड खुला करणे आणि इतिहास उपलब्ध असणे यांत गल्लत करू नये. एखादा विभाग सुरक्षेच्या कारणास्तव कोड खुला करणार नाही; ते समर्थनीय असू शकते. इतिहासासह प्रत स्वतःच्या ताब्यात न घेणे कधीच समर्थनीय नाही. उलट, इतिहास खुला करतानाही सावधगिरी हवी. एखाद्या विकासकाने कधीकाळी पासवर्ड कोडमध्ये लिहिला आणि दुसऱ्या दिवशी काढला, तरी तो जुन्या कमिटमध्ये शिल्लकच असतो. टिपणी खोडता येत नाही, या गुणाची ही दुसरी बाजू आहे.

आवृत्ती नियंत्रणाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. भांडारातील कोड आणि सर्व्हरवर चालणारा कोड एकच आहे, याची हमी ते आपोआप देत नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाईट कॅपिटल या रोखे-व्यवहार कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर बसवावयाचा होता. तो सातवरच बसला. आठव्यावरील जुना, निरुपयोगी म्हणून पडून असलेला भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासण्याची लेखी पद्धत तेथे नव्हती, असे तेथील रोखे नियामकाला आढळले.

येथे उपस्थित असलेल्यांपैकी काहीजण उद्या निविदांवर स्वाक्षरी करणार आहेत. त्यांना गिटच्या आज्ञा पाठ असण्याची आवश्यकता नाही. कोडचे भांडार पहिल्या दिवसापासून विभागाच्या नावे असावे, कंत्राटदाराला तेथे काम करण्याची परवानगी द्यावी, हे कलम निविदेत घालणे त्यांच्या अधिकारात आहे. अखेरचा हप्ता हस्तांतरणाच्या चाचणीशी जोडता येतो. पूर्वी हे संकेतस्थळ न पाहिलेल्या दोन तंत्रज्ञांनी केवळ भांडारातील कोड आणि त्यातील सूचनांच्या आधारे ते कोऱ्या संगणकावर उभे करावे आणि एक लहानसा बदल, समजा उत्पन्नमर्यादेचा आकडा, करून दाखवावा. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे अधिकारी जिल्हा पातळीपर्यंत आहेत. या चाचणीसाठी त्यांची मदत घेता येईल. जुन्या चमूला एकही दूरध्वनी न करता हे काम पार पडले, तर देयक मंजूर करण्यास हरकत नाही.